मामांचा शर्ट आणि मुंग्या

आमच्या ह्यांच्या मामांनी आजवर एकाही लहान मुलाला रिकाम्या हाताने जाऊ दिलेलं नाही आणि एकाही आईला सुखाने जगू दिलेलं नाही. हे मी रागाने सांगत नाही. रागावण्याची वेळ केव्हाच उलटून गेली. मामा राहतात नारायण पेठेत आणि आम्ही हडपसरला. मधे अख्खं पुणे पसरलेलं आहे, त्यात खोदलेले रस्ते आहेत, पुलांची कामं आहेत, भर दुपारी तुंबलेली वाहनं आहेत. यातलं काहीही मामांना अडवू शकलेलं नाही. रविवारी सकाळी बेल वाजते, दार उघडेपर्यंत दुसऱ्यांदा वाजते, आणि मी दार उघडलं की माझ्याकडे न बघता माझ्या कमरेच्या उंचीवर बघत मामा विचारतात, "कुठंय आमची ठकी?" ठकी म्हणजे माझी मुलगी सई, वय वर्षं दहा. ती धावत येते, हात पुढे करते, आणि माझ्या आठवडाभराच्या शिस्तीचं त्या दारातच वाटोळं होतं.

मामा शर्ट शिंप्याकडूनच शिवून घेतात, कारण तयार शर्टाला एकच खिसा असतो आणि एका खिशात त्यांचं भागत नाही. वरच्या खिशांत लिमलेटच्या गोळ्या आणि चिक्की. खालच्या खिशांत राजगिऱ्याच्या वड्या आणि कागदात गुंडाळलेला पेढा. पेढा कोणाचा हे घरून निघताना ठरलेलं नसतं. बसमध्ये एखादं रडकं पोर भेटलं तर त्याचा, नाहीतर कंडक्टरचा. आमच्याकडे पोचले की "काय हा उकाडा, तुमच्या हडपसरला" असं म्हणून मामा शर्ट काढतात, बाल्कनीतल्या दोरीवर टाकतात आणि बंडीवर पेपर वाचत बसतात. थोड्या वेळाने बाल्कनीच्या कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघते. भिंतीवरून खिळ्यावर, खिळ्यावरून दोरीवर आणि दोरीवरून थेट खिशात. फ्लॅट घेताना बिल्डरने मला पाचव्या मजल्यावर मुंग्या येत नाहीत असं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या बिचाऱ्याला मामा माहीत नव्हते.

"मामा, शर्टाला मुंग्या लागल्यात," मी म्हणते.

"लागू देत. तुझ्या घरात काही गोड आहे असा त्यांचा तरी समज होऊ दे."

मामा एरवी मला 'अगं' म्हणतात. रागावले की 'अहो' म्हणतात. पुण्यात माणूस रागावला की त्याचा आवाज चढत नाही, आदर चढतो, हे मला सासरी आल्यावर कळलं. "अगं, चहा टाक" म्हणजे सगळं ठीक चाललंय. "अहो, आपल्याला जमणार असेल तर चहा टाका" म्हणजे मी मघाशी काहीतरी बोलले आहे आणि ते काय बोलले हे मलाच आठवून काढायचं आहे.

गोड वाटायला मामांना निमित्त लागतं, पण कुठलंही चालतं. पोराचा दात पडला, पेढा. नवा दात आला, पेढा. सोसायटीत टँकर वेळेवर आला, सगळ्या जिन्यातल्या मुलांना गोळ्या. एकदा बस नारायण पेठेपासून हडपसरपर्यंत कुठेही न अडकता आली, तेव्हा मामांनी ड्रायव्हरच्या हातावर साखर ठेवायची म्हणून त्याला थांबवून ठेवलं आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला. साखरेची पुडी सोबत असतेच. चांगली बातमी ऐकली की समोरच्याच्या हातावर साखर ठेवायची, ही आपल्याकडची रीत. बाकीचे लोक वर्षाकाठी कधीतरी पाळतात, मामा ती अष्टौप्रहर पाळतात. सईला लहानपणी लस टोचायला नेलं तेव्हा मामा बरोबर आले आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बसलेल्या तमाम रडक्या पोरांना बर्फी वाटत सुटले. एका बाईंनी "अहो, त्याला जुलाब होतायत" असं सांगितलं, तर म्हणाले, "मग त्याला अर्धी."

त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण मामांच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे खुद्द मामा. ऐंशीच्या घरात आलेले, अंगाने काठीसारखे, दात स्वतःचे आणि रक्तातली साखर अगदी जिथल्या तिथे. जिलबी खाऊन झाल्यावर बोटं चाटत "मला काही झालं का?" असं विचारायचे, आणि त्यावर काय बोलणार? बोलता येण्याजोगं एकच होतं, पण ते आमच्या घरात कोणी बोलत नसे. माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, मधुमेहानेच गेल्या. आधी डोळे गेले, मग मूत्रपिंडं. शेवटच्या वर्षांतही मामा त्यांच्यासाठी पेढा आणायचे, त्या हसून "दादा, नको रे" म्हणायच्या आणि मामा तो उशीपाशी ठेवून जायचे. त्या गेल्यावर मामांच्या तोंडून मधुमेह हा शब्द मी ऐकला नाही. कोणी काढलाच तर ते पेपरची घडी घालून बाल्कनीत जायचे.

तर सईच्या मानेवर काळा पट्टा दिसायला लागला, तेव्हा मला वाटलं मळ. मुलगी खाली खेळत नाही, घाम येईल असं काही करत नाही, आणि तरी मळ कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण तो पडला नाही. आईच्या डोक्यात मळ म्हटलं की फक्त घासणं येतं. डाळीचं पीठ झालं, दही झालं, लिंबाची साल झाली. मी घासायची, ती ओरडायची, मान लाल व्हायची, आणि सकाळी पट्टा पुन्हा तिथेच. शाळेत मुली काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण सई उकाड्यातही कॉलर वर करून बसायला लागली. अंगानेही ती भरत चालली होती. शेजारीपाजारी कौतुकाने "खात्यापित्या घरची" म्हणायचे. मामांनी मान बघितली आणि निकाल दिला, "अगं, घासतेस काय? दृष्ट लागू नये म्हणून देवानेच तीट लावून पाठवलंय."

थंडीतल्या तापाचं निमित्त झालं म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी घसा बघायला सईची हनुवटी वर केली आणि त्या मानेकडे बघतच राहिल्या.

"हे घासताय का तुम्ही?"

"मळ जातच नाही हो."

"जाणार नाही. हा मळ नाहीच. घासणं आजपासून बंद करा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण खातो त्यातली साखर रक्तातून पेशींमध्ये पोचवायला शरीर इन्सुलिन तयार करतं. वजन वाढत गेलं, हालचाल कमी झाली आणि गोडाचा मारा चालू राहिला, की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनची खूण अशी मानेवर नाहीतर काखेत काळी उमटते. "घरात कोणाला मधुमेह?" त्यांनी विचारलं. मी सासूबाईंचं सांगितलं. त्यांनी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मधुमेह झालेला नाही. पण पोरगी त्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. इथून मागे फिरता येतं. बाटलीतली सरबतं, पाकिटातले ज्यूस, येता-जाता बिस्किटं बंद. रोज तासभर तरी दमेल असं खेळणं. टीव्हीसमोर जेवायचं नाही, वेळेवर झोपायचं. आणि हे एकट्या तिच्यासाठी नाही, सगळ्या घरासाठी. तिला जाडी म्हणायचं नाही, तिच्या ताटाकडे बघत बसायचं नाही. मधे एकदा दाखवून जा, रक्त सहा महिन्यांनी पुन्हा तपासू."

हे मी रविवारी मामांना सांगितलं. मामांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उंबरठ्यावरच ना? आत आलाय का? मग दार लावून घ्या, झालं."

"मामा, दार लावायचं म्हणजे तुमचे खिसे शिवायचे."

"आमच्या शेजारी एक पोरगा आहे, काडीसारखा. त्याला झाला. रोज सुया टोचतो. त्याने काय खाल्लं होतं?"

मलाही तेव्हा याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि मामांना ते ताबडतोब कळलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मामांनी साखर बंद केली. अगदी शब्दशः साखरच. पुढच्या रविवारी गुळाची ढेप आली. "गूळ आहे. गुळात लोह असतं." गुळाला नाही म्हटलं तर मध आला. "मध औषधात घेतात, साखरेत नाही." मग खडीसाखर, ती म्हणे घशासाठी. सईच्या कंपासपेटीत खडीसाखरेचा खडा सापडला तेव्हा मी जाब विचारला, तर म्हणाले, "भूमितीचा अभ्यास करताना घसा सुकतो." चतुर्थीला मोदक घेऊन आले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "प्रसाद आहे. प्रसादाला साखर लागत नाही." आमचे हे पेपरमागे तोंड लपवून हसत होते. यांच्या घराण्यातल्या पुरुषांना पेपर कशासाठी लागतो, ते मला त्या दिवशी समजलं.

आणि मग आली संक्रांत. मामा सकाळीच हजर. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर सई आरशापुढे उभी, आणि तिच्या गळ्यात हलव्याची चिंचपेटी. संक्रांतीला तान्ह्या मुलांना आणि नव्या नवरीला हलव्याचे दागिने घालतात, तशी. पण ही चांगली रुंद होती. पांढऱ्या काटेरी हलव्याचे पदरावर पदर, मानेला घट्ट बसतील असे, बारीक दोऱ्यात ओवलेले. नखशिखांत साखर! माझं डोकंच फिरलं. गूळ झाला, मध झाला, आता पोरीला साखर अंगावर घालायला दिली.

"मामा, तुम्ही कधी ऐकणार आहात का कोणाचं?" मी म्हणाले. "हिची आजी कशाने गेली, ते विसरलात का?"

घरात कोणीच न बोललेलं ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. मामांनी पेपर खाली ठेवला. बाल्कनीत जाऊन शर्ट दोरीवरून काढला, झटकला, अंगात घातला आणि बटणं लावत म्हणाले, "अहो, आपलं बरोबर आहे. येतो आम्ही." लिफ्टची वाटही न बघता जिन्याने खाली उतरले.

सईने चिंचपेटी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आई, ती खायची नव्हती. उद्या शाळेत फोटो काढणार आहेत ना, म्हणून. मामाआजोबा म्हणाले, हिने मान झाकेल आणि कोणाला काही कळणारच नाही. त्यांनी स्वतः ओवली."

मी बोलले ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या सुरकुतलेल्या बोटांनी, जाड चष्म्यातून, ते हलव्याचे दाणे एकेक करून ओवताना मामा कसे दिसले असतील, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी हातातली तिळगुळाची वडी परत डब्यात ठेवली.

रविवार आले आणि गेले. बेल वाजली तर ती दूधवाल्याची असायची. घरात गोड उरलं नव्हतं, मुंग्या आल्या नाहीत, शिस्त उत्तम चालली होती, आणि सई मलूल झाली होती. खाली खेळायला जा म्हटलं की "कोण आहे खाली?" म्हणायची. मी फोन केला तर मामा उचलून "अहो, बरे आहेत ना आपण सगळे?" विचारायचे आणि ठेवायचे. सई मात्र त्यांच्याशी फोनवर बराच वेळ बोलायची, दार लोटून घेऊन.

म्हणूनच मधल्या तपासणीला आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा मामा आधीच तिथे बसलेले होते. हात गुडघ्यांवर, खिसे सपाट. समोर एक पोर लस टोचून भोकाड पसरून रडत होतं आणि मामा त्याच्याकडे नुसते बघत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आमचा नंबर लागला तसे तेही उठून आत आले. डॉक्टरीणबाईंनी सईचं वजन केलं, उंची मोजली, मान बघितली आणि ठीक चाललंय म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "तुम्हाला काही विचारायचंय का, काका?"

मामांनी आधी शेजारच्या काडीसारख्या मुलाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "तो मधुमेह वेगळा. त्यात शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद पडतं. तो कोणाच्या खाण्याने होत नाही, कोणाच्या चुकीने होत नाही, आणि आजतरी आपल्याला थांबवता येत नाही. मूल खूप पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, वाळत चाललंय असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, एवढंच हातात असतं. सईचं तसं नाही. हिचा आपण थांबवू शकतो."

मामांनी मान हलवली, पण उठले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले.

"माझी बहीण," ते म्हणाले. "लहानपणी आमच्याकडे साखर रेशनची. आई कुलपात ठेवायची. परीक्षेचा निकाल लागला की तेवढी हातावर चिमूटभर मिळायची. मी पास झालो की माझी चिमूट तिला द्यायचो. तिला फार आवडायची. दर वर्षी द्यायचो." त्यांनी काच पुन्हा पुसली. "त्याने झालं का हो तिला?"

हा माणूस इतकी वर्षं ज्या शब्दाला पाठ दाखवून बाल्कनीत जात होता, त्या शब्दात त्याने स्वतःलाच आरोपी करून ठेवलं होतं, आणि मी संक्रांतीच्या दिवशी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिमटीने मधुमेह होत नाही."

मामांनी चष्मा घातला. मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात विचारलं, "मग आता पोरीच्या हातावर ठेवायचं काय?"

"तुम्ही रोज किती चालता?"

"बस येईपर्यंत. म्हणजे पुष्कळच."

"मग तेच द्या तिला."

दुसऱ्या दिवसापासून मामा रविवारचे नाही, रोजचे झाले. याने माझा त्रास कमी झाला असं कोणी समजू नये. संध्याकाळी बेल वाजते, "ठकी, चपला घाल" असं फर्मान सुटतं आणि दोघं कालव्याच्या कडेने चालत निघतात. चालताना मामा दुकानांच्या पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. आधी नुसत्या काढायचे, आता सईला काढायला लावतात. चूक सापडली की दुकानात शिरून ती मालकाला सांगायची, असा नियम आहे. परवा एका दुकानदाराने मला भाजी घेताना गाठून सांगितलं, "ताई, तुमच्या पोरीनं आमच्या 'शुद्ध तुपा'ला आख्ख्या गिऱ्हाइकांसमोर अशुद्ध केलं की वो." मामांची आता घरातल्या सगळ्यांवरही नजर असते. आमचे हे चहात दुसरा चमचा घालायला गेले की दिवाणखान्यातून आवाज येतो, "अहो, उंबरठा!" चमचा परत डब्यात जातो. मला या नव्या मामांपेक्षा जुने मामा परवडले असते, असं मी महिन्यातून एकदा तरी म्हणते.

सहा महिने झाले आणि रिपोर्ट आला. आकडे खाली उतरले होते. सई उंबरठ्यावरून मागे फिरली होती. मानेवरचा पट्टा अजून आहे, त्याला जायला वेळ लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण तो फिका झालाय आणि सई कॉलर वर करत नाही. मामांना सांगितलं तेव्हा ते उठले ते सवयीने थेट स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि तिथेच थांबले. मी दारात उभी होते.

"मामाआजोबा, तुम्हाला किती मिळायची?" सईने विचारलं.

"चिमूटभर."

"मग मलाही तेवढीच द्या ना."

मामांनी दोन बोटांत साखर धरली, त्यातली थोडी परत डब्यात सोडली, आणि उरलेली तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती सावकाश, डोळे मिटून खाल्ली. पूर्वी मूठभर गोळ्या खातानाही तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मामा डब्याचं झाकण लावत राहिले. ते घट्ट बसलं तरी लावत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, चहा टाक. बिनसाखरेचा."

चहा घेऊन मी बाल्कनीत गेले. दोरीवर मामांचा शर्ट वाऱ्यावर हलत होता. चारही खिसे रिकामे होते. आता मामा चालताना जरासे मागे पडतात, सई वळणावर थांबून त्यांची वाट बघते, हे मला तिथून रोज दिसतं. मी भिंत बघितली, खिळा बघितला, दोरी बघितली. मुंगी एकही नव्हती. इतकी वर्षं ज्यांना मी हळद टाकून, खडूच्या रेघा मारून हाकललं, त्या मुंग्यांवाचून मला एक दिवस चुकल्यासारखं होईल, असं कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.